राणी चन्नम्मा हॉलमध्ये मावत नाही

ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून जवळच. मुलाच्या वाढदिवसाला ठोकळ्यांची, बॅटरीवर चालणारी लेगोची रेल्वे आणली होती. मुलगा आता सातवीत, त्याला क्रिकेटपुढं काही सुचत नाही. मी मात्र पुरता अडकलोय. जादा रूळ घेतले, डबे स्वतःच्या डोक्यानं बांधले. राणी चन्नम्मा एक्सप्रेस पूर्ण करायची असं मनात आहे. पण चौथा डबा लावला की गाडी वळणावर घसरते, नाही तर मधूनच तुटते. घर म्हणजे हॉल आणि दोन खोल्या. रूळ मांडले की कुणाला हलता येत नाही. मिसेसच्या पायाखाली ठोकळा आला, तेव्हापासून घरात वातावरण तंग आहे. आई म्हणते, 'पोरागत काय खेळत बसतोस?' आणि खरं सांगायचं तर मागचे दोन बॉक्स शॉपमधल्या कपाटात ठेवलेत, घरी बोललोच नाही. हे सगळं सोडून द्यावं का?
– एक वाचक, बेळगाव

नमस्कार.

सोडू नका. पण राणी चन्नम्मा तेवढी सोडा, निदान सध्या. का, ते सांगते. तुमच्या पत्रात गाडी घसरण्याची तक्रार मधेच येते आणि घरातली तक्रार शेवटी. मी गाडीपासून सुरुवात करणार आहे, कारण जागा, पैसा आणि मिसेसचा राग हे सगळं त्या वळणावरच येऊन अडकलंय.

तुमच्याकडे व्हर्नियर असणारच. रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, साधारण साडेसदतीस मिलिमीटर भरेल. आपल्या ब्रॉडगेजचं तेच अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे तुमची रेल्वे खऱ्या रेल्वेच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाची झाली. आता त्याच मापानं डबा काढा. हल्लीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरच्या आसपास, तो तुमच्या हॉलमध्ये ५२ सेंटिमीटरचा होतो. नुसते १० डबे म्हणजे सव्वापाच मीटर, इंजिन वेगळं. आणि वळण? बॉक्समध्ये येणाऱ्या वळणाची त्रिज्या मध्यरेषेपर्यंत ४० स्टड, एक स्टड, म्हणजे ठोकळ्यावरच्या एका गोल बोंडापुरती जागा, ८ मिलिमीटरचा, म्हणजे ३२ सेंटिमीटर. असे १६ तुकडे जोडले की गोल पूर्ण होतो. खऱ्या ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशाचं वळण चालतं, त्याची त्रिज्या १७५ मीटर. ती पंचेचाळीसनं भागली तर जवळजवळ चार मीटर येते. खऱ्या मापाचा गोल घालायचा तर पावणेआठ मीटर रुंद हॉल हवा. टिळकवाडीत एवढा हॉल मंगल कार्यालयाचाच असतो.

त्यामुळं गाडी घसरते यात तुमच्या हाताचा दोष नाही. खऱ्या गाडीला जे वळण कधीच दिलं नसतं ते आपण या गाडीला देतो आणि वर लांब डबेही लावतो. वळणावर चाकाची कड रुळाला घासते, ओढ वाढते. मागचे डबे मागं ओढतात, इंजिन पुढं ओढतं, आणि मधला हलका डबा दोन्हीकडून ताणला जाऊन आतल्या बाजूला आडवा होतो. डबा तग धरून राहिला तर मग चुंबक सुटतं. तुमची 'मधूनच तुटते' ती हीच.

थोडी डागडुजी मात्र नक्की करता येईल, तीही एका संध्याकाळी. डब्याला जोडणारं चुंबक डब्याच्या सांगाड्याला लावलंय की खालच्या फिरत्या चाकांच्या संचाला, ते आधी बघा. सांगाड्याला असेल तर वळणावर ते बाहेर फेकलं जाणारच. ते चाकांच्या संचालाच हवं. चाकांचे संच डब्याच्या अगदी टोकाला नकोत, थोडे आत घ्या. डब्याची लांबी २८ ते ३२ स्टडवर थांबवा. रुंदी ८ स्टड ठेवा. मापानं ९ व्हायला हवी, पण घरात टेप घेऊन कोण बसतंय? जड डबा इंजिनालगत, हलका शेवटी. डावं वळण संपतं तिथंच उजवं सुरू केलं असेल तर मधे किमान एक सरळ रूळ घाला. धातूच्या आसाची चाकं असतील तर ती सगळ्या डब्यांना वापरा, प्लास्टिकच्या आसापेक्षा ती फारच हलकी फिरतात. आणि प्रत्येक आस काढून बघा. घरातले केस त्यावर गुंडाळलेले सापडतील. मोटरच्या चाकांवर रबराची बारीक कडी असते, ती गुळगुळीत झाली असेल तर इंजिन जागच्या जागी गरगरतं आणि आपण उगाच बॅटरीला दोष देतो. बॅटरीचा हब, म्हणजे सेलची पेटी, मोटरच्या बरोबर वर बसेल असं इंजिन बांधा, ते वजन चाकांना पकड देतं.

एवढं केलंत तर चौथा डबा येईल. पाचवाही येईल. पण हॉल काही वाढणार नाही.

म्हणून म्हणते, गोल काढून टाका. बहुतेकांना वाटतं, रेल्वे म्हणजे गाडी गोल गोल फिरली पाहिजे. मला ते कधी पटलं नाही. पाच मिनिटं बघितल्यावर त्या गोलात बघण्यासारखं काय उरतं? तुम्ही गेटजवळ वाढलात, तुम्हाला मी काय सांगायचं. गेट पडलं की माणूस बघत काय राहायचा? यार्डात मागं-पुढं करणारं इंजिन, झेंडी घेऊन उभा असलेला पॉइंट्समन, एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, सोडून दुसरी उचलायची ती कटकट. ती शंटिंगची मजा सरळ रुळावर आणि थोड्या जागेत होते.

आठ बाय चारची प्लायवूड शीट घ्या आणि त्यातून ८ फूट लांब, १५ इंच रुंद अशी एकच पट्टी कापून घ्या. १८ मिलिमीटरची घ्या, पातळ प्लाय बेळगावच्या पावसाळ्यात वाकतं. ही पट्टी भिंतीला कंसावर बसते, टीव्हीच्या वर किंवा गॅलरीकडच्या भिंतीला. नाही तर पलंगाखाली सरकते. जमिनीवर एक ठोकळा येता कामा नये, हा नियम आजपासून. पट्टीच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोका, म्हणजे पडलेला तुकडा खाली जाणार नाही.

त्यावर मांडायचं काय? विलायतेत मॉडेल रेल्वेवाल्यांचं एक जुनं कोडं आहे, इंगलनूक नावाचं, आलन राइट यांनी लोकप्रिय केलेलं. तीन लाइनी. एकीत ५ वाघिणी मावतात, बाकी दोन्हींत ३-३. दुसऱ्या टोकाला इंजिन आणि ३ वाघिणी मावतील एवढा आखूड रूळ. एकूण वाघिणी ८, सांधे, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणारे रूळ, फक्त २. आठांपैकी पाच वाघिणी चिठ्ठी काढून ठरवायच्या आणि त्याच क्रमानं लांब लाइनीवर लावायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण आठातून पाच क्रमानं लावायचे प्रकार ६७२० होतात, त्यामुळं दर खेपेला डोकं नव्यानं चालवावं लागतं. १६ स्टड लांबीच्या वाघिणी धरा, चुंबकासह १८: पाचांना ७२ सेंटिमीटर, इंजिन आणि तिघींना साठ-बासष्ट, दोन सांध्यांना अर्धा मीटर. सगळं दोन मीटरच्या आत बसतं आणि ८ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर. उरलेल्या जागेत देसूरचं किंवा खानापूरचं छोटं स्टेशन येतं, पिवळ्या पाटीसकट. सांध्यानं निघालेली शेजारची लाइन मध्यापासून मध्यापर्यंत १६ स्टडवर पडते, त्यामुळं तीन लाइनींना ३२ सेंटिमीटर लागतात आणि १५ इंचांत फलाटापुरती कड उरते. वाघिणी सोडवायला आइस्क्रीमची चपटी काडी दोन चुंबकांमधे घाला, हातानं उचललं तर सगळी रांग रुळावरून जाते.

तुमच्यातला मशीन शॉपवाला गप्प बसणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याच्यासाठी एक काम देते. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारा ब्रगांझा घाट १ : ३७ चा आहे. मुरगावकडून येणारा कोळसा त्याच घाटानं वर येतो आणि गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. आता तुमचा एक सरळ रूळ १२८ मिलिमीटरचा, आणि सगळ्यात पातळ प्लेट ३.२ मिलिमीटरची. दर रुळामागं एकेक प्लेट वाढवत गेलात तर चढ होतो १ : ४०. म्हणजे हातात घेतलेल्या दोन साध्या तुकड्यांत जवळजवळ अख्खा घाट बसलाय! पट्टीच्या एका टोकाला चार-पाच रुळांचा चढ करा आणि एकाच मोटरनं किती वाघिणी चढतात ते बघा. तीनच्या पुढं चाकं घसरायला लागली तर इंजिनावर वजन टाका, तरी नाही जमलं तर मागून दुसरं इंजिन. मिरज-लोंढा लाइनीवर राहणाऱ्या माणसाला राणी चन्नम्माच्या दहा डब्यांपेक्षा हे जास्त आपलं वाटेल असं मला वाटतं.

आणि एवढं करून एक्सप्रेसच हवी असेल, तर दोन डबे आणि इंजिन असा तुकडा बांधून फलाटाला उभा करा. तुमच्या वयाच्या माणसाला मीटरगेजचे विटकरी डबे आठवत असणार, आपली लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. ते डबे लहान, या रुळावर शोभतातही जास्त. रंगाचे ठोकळे विकत घेण्याआधी ब्रिकलिंकचं 'स्टुडिओ' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डबा आधी स्क्रीनवर बांधा. कुठला तुकडा कुठल्या रंगात बनतच नाही, हे तिथंच कळतं. खिडक्यांच्या विटकरी चौकटींसाठी लोक पैसे घालवून बसतात आणि मग कळतं, तो तुकडा त्या रंगात कधी निघालाच नव्हता.

आता पैसा.

दोन बॉक्स कपाटात आहेत हे तुम्ही मला लिहिलंत, घरात सांगितलं नाहीत. मिसेसचा राग ठोकळ्यावर आहे असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही. पायाखाली ठोकळा आला की माणूस ओरडतो आणि विसरतो. वातावरण तंग राहतं ते वेगळ्या कारणानं: हॉल तुमचा झालाय, रविवार तुमचा झालाय, आणि किती पैसे गेले याचा अंदाज त्यांना बिलाशिवाय आलेला आहे. बायकांना येतो. बॉक्स कपाटात आहेत हे त्यांना अजून कळलेलं नाही, या भरवशावरही फार राहू नका.

तेव्हा बॉक्स घरी आणा. आणि आणताना सफाई देत बसू नका. 'चुकलं, लपवायला नको होतं, हे एवढ्याचे आहेत' इतकं पुरे. किंमत खरी सांगा, सवलतीची गोष्ट मधे आणू नका. त्यानंतर महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा, मग ती पाचशे असो की दोन हजार, आणि तेवढीच रक्कम त्यांच्याही नावानं बाजूला पडू दे, हिशेब न विचारता खर्चायला. ही दुसरी अट नवरे नेमकी विसरतात. कपाटातल्या बॉक्समध्ये तुमच्याकडं आहे तसलंच इंजिन असेल तर तो न फोडता विकून टाका. बंद बॉक्सला किंमत चांगली येते, आणि त्या पैशात सांधे येतात. सांधे महाग असतात, तरी कंजुषी करायची ती तिथं नाही.

बाहेरून पार्सल मागवायचा मोह होईल. जरा थांबून. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्या त्या वेळचा दर बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका, नाही तर पोस्टमन दारात आल्यावर ठरलेल्या रकमेचे बारा वाजतात आणि पुन्हा कपाटाची आठवण होते. स्वस्तातले दुसऱ्या कंपनीचे ठोकळे फलाटाला, भिंतीला, स्टेशनच्या छपराला खुशाल वापरा. रूळ, चाकं आणि चुंबकं मात्र एकाच घरची ठेवा. तिथला दहाव्या हिश्शाचा मिलिमीटर गाडी पाडतो, हे जॉब रिजेक्ट करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. मोठ्या त्रिज्येची वळणंही मिळतात, ५६, ७२, ८८, १०४ स्टडची, बाहेरच्या छोट्या कंपन्या बनवतात. उद्यमबागेत थ्रीडी प्रिंटर असलेला कुणी ओळखीचा असेल तर छापूनही होतील. फक्त पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापू नका, गॅलरीच्या उन्हात ते वाकतं. पण सरळ पट्टीवर राहिलात तर त्यांची गरजच नाही, आणि मला तेच हवंय.

आईंचं म्हणणं मनावर घेऊ नका, पण खोडूनही काढू नका. पोरागत खेळतोय हे खरंच आहे की! या कंपनीच्या ठोकळ्यांची रेल्वे १९६६ पासून निघते. त्या वेळी जी मुलं होती ती आज साठीच्या पुढं आहेत आणि त्यांच्यातली कितीतरी अजून रूळ जोडतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोक तिकीट काढून बघतात. पुणं लांब पडत असेल तर हुबळीला स्टेशनजवळचं रेल्वे म्युझियम आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. आईंना घेऊन जा. त्यांनी मीटरगेजनं प्रवास केलेला आहे, सांगायला त्यांच्याकडं तुमच्यापेक्षा जास्त निघेल. घरी इंगलनूकच्या चिठ्ठ्या काढायचं काम त्यांच्याकडंच द्या. आठ वाघिणींना आठ माल: उगारची साखर, निपाणीचा तंबाखू, कोळसा, सिमेंट, काय हवं ते. आईंनी पाच चिठ्ठ्या काढल्या की तो हुकूम, बदल नाही. आठवड्याभरात त्या मुद्दाम अवघड क्रम काढायला लागल्या नाहीत तर मला कळवा.

मुलाला ओढून आणू नका. सातवीतल्या पोराला बापानं 'चल, खेळू' म्हटलं की तो बॅट घेऊन बाहेर पडतो, आणि बरोबरच आहे त्याचं. हबला पायब्रिक्स नावाची खुली प्रणाली घालता येते, मग गाडी पायथॉननं चालवता येते. त्या हबला दोन जोडण्या असतात: एकीत मोटर, दुसरीत रंग ओळखणारा सेन्सर. रुळांमधे लाल फरशी लावली की गाडी फलाटाला आपोआप थांबेल असा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा होतो. तुम्ही तो लिहायला बसा आणि अडकून बसा. कॉम्प्युटरवर बाप अडकलेला बघून मागून येऊन 'सरका' म्हणणारी पोरं मी पुष्कळ बघितलीत. नाही आला, तरी गाडी थांबतेच.

मिसेसना यात ओढायची गरज नाही. त्यांना हॉल परत हवाय, तो द्या. दिवाळीत तुमच्या गल्लीत पोरं किल्ला करतात तेव्हा चार दिवस पट्टी खाली उतरवून किल्ल्याच्या पायथ्याशी मांडायला त्यांनी सांगितलं, तर तो त्यांचा निर्णय. तुम्ही सुचवू नका.

राहता राहिली देखभाल. हबमध्ये ६ ट्रिपल-ए सेल लागतात. रिचार्ज होणारे घ्या. ते दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास देतात, गाडी जरा हळू पळते, शंटिंगला उलट बरंच. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत सगळे सेल बाहेर काढून ठेवा. आपल्याकडच्या ओलीत गळालेला साधा सेल हबचे पत्रे खाऊन टाकतो आणि ते दुरुस्त करणारं बेळगावात कुणी भेटेल असं धरून चालू नका. लाल धूळ बसली तर रूळ साबणाच्या पाण्यात धुवा, मोटरला पाणी लावू नका. पट्टी ज्या भिंतीला लावाल तिथं दुपारचं थेट ऊन येत नाही ना, तेवढं कंस ठोकण्याआधी बघा. पांढरे आणि राखाडी ठोकळे उन्हानं पिवळे पडतात आणि कशानं घासून ते पूर्वीसारखे होत नाहीत.